आधी लिफ्ट मोजा

विमानवाहू जहाजावर सकाळचं पहिलं काम मान खाली घालून चालण्याचं असतं. उड्डाणं सुरू व्हायच्या आत हँडलर, मेकॅनिक, शस्त्रं चढवणारे, हाताशी असतील ते सगळे फ्लाइट डेकच्या एका टोकाला आडव्या रांगेत उभे राहतात आणि सावकाश दुसऱ्या टोकाकडे निघतात. दिसेल ते उचलायचं. वायरचा तुकडा, स्प्लिट पिन, रंगाची खपली, कुणाच्या डांगरीचं तुटलेलं बटणसुद्धा. याला ‘फॉड वॉक’ म्हणतात. ‘आयएनएस विराट’वर हे काम कुणी टाळत नसे. सी हॅरियरला इंजिन एकच, आणि हवा ओढणारी त्याची दोन मोठी तोंडं कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना, डेकपासून फार उंच नाहीत. समोर पडलेलं काहीही आत जाऊ शकतं, आणि आत गेलं की विमान गेलं.

मी त्या डेकवर एअरक्राफ्ट हँडलर होतो. विमान उडवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. आम्ही ते हलवणारे. हँगरमधून लिफ्टवर, लिफ्टवरून डेकवर, डेकवर ठरलेल्या खुणेवर आणि काम झालं की पुन्हा खाली. वाचायला हे हमालीचं काम वाटेल, आणि थोडंफार आहेही. पण जहाज सव्वादोनशे मीटर लांब, त्यावर विमानं आणि हेलिकॉप्टरं दाटीवाटीने उभी आणि पायाखालची जमीन सतत कलणारी. अशा ठिकाणी अनेक टनांचं विमान वीतभर सरकवायचं तर ट्रॅक्टरवाला, ब्रेकवर बसलेला, पंखाच्या टोकाशी उभा असलेला आणि चाकाला लावायचे चॉक हातात धरलेला, या सगळ्यांचं लक्ष एकाच माणसाच्या हातांवर लागतं. तो पिवळ्या जॅकेटमधला डायरेक्टर. इंजिनं चालू असताना बोलणं ऐकू येतच नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

विमान उभं राहिलं की साखळ्या. डेकमध्ये जागोजागी वाटीएवढे खळगे असतात, त्यांत आडवी लोखंडी पट्टी. तिच्यात साखळीचा हुक अडकवायचा, दुसरं टोक विमानाच्या पायाला, आणि मग ताण द्यायचा. पावसाळी समुद्रात या खळग्यांत खारं पाणी आणि तेल साचतं. अंधारात तो हुक बोटांनी चाचपून लावावा लागतो. पाय घसरू नये म्हणून डेकचा रंग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, तो गुडघे सोलून काढतो.

उड्डाणाच्या वेळी जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेग घेतं. समोरून येणारा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज विमानाला आयतीच मिळते. साखळ्या सुटतात. सोडलेल्या साखळ्या हँडलर हातात उंच धरून दाखवतो, म्हणजे एखादी विमानालाच लटकून राहिली नाही ना हे फ्लाइट डेक ऑफिसर मोजून घेतो. मग चॉक निघतात. ऑफिसरच्या हातात हिरवा झेंडा. वरच्या ‘फ्लायको’मधून, म्हणजे डेकच्या नियंत्रण कक्षातून, परवानगी मिळाली की झेंडा खाली. हॅरियरचे ब्रेक इंजिनाची पूर्ण ताकद धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे शेवटचा जोर पळता पळताच मिळतो. डेकवरच्या सरळ रेषेवरून विमान धावतं, समोरच्या बारा अंशांच्या चढावर चढतं, आणि चढ संपण्याच्या क्षणी पायलट गॅसच्या दांड्याशेजारचा दुसरा दांडा मागे ओढतो. इंजिनाची चार नॉझल खाली वळतात. काही क्षण ते विमान धड उडतही नसतं आणि पडतही नसतं. तोवर वेग वाढतो आणि पंख भार उचलतात.

तो चढ म्हणजे स्की-जंप. ब्रिटिश नौदलातले लेफ्टनंट कमांडर डग टेलर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साउथॅम्प्टन विद्यापीठात केलेल्या प्रबंधातून ही कल्पना आली. १९७७ साली बेडफर्डच्या धावपट्टीवर तिची चाचणी झाली. यात हलणारा एकही भाग नाही. लोखंडाची वाकवलेली घसरगुंडी, एवढंच. पण तिच्यामुळे तेवढ्याच डेकवरून जास्त इंधन आणि जास्त शस्त्रं घेऊन उडता येतं. शिवाय काही बिघडलंच तर विमान आधीच वर निघालेलं असतं, त्यामुळे पायलटला निर्णय घ्यायला दोन-चार सेकंद जास्त मिळतात.

उतरणं याच्या उलट. साधं नौदली विमान आधी उतरतं आणि मग थांबतं. मागचा हुक डेकवरच्या तारेत अडकतो आणि तार त्याला खेचून धरते. हॅरियर आधी थांबतं आणि मग उतरतं. ते मागून येतं, जहाजाच्या डाव्या बाजूला पाण्यावर येऊन जहाजाच्याच वेगाने चालू लागतं. डेकवरून बघणाऱ्याला ते हवेत खिळल्यासारखं दिसतं. मग आडवं सरकून डेकवर येतं आणि खाली बसतं. त्या वेळी होणारा आवाज कानापेक्षा छातीला जास्त जाणवतो. खालून उसळणारी गरम हवा डांगरीच्या पायात शिरते. चाकं टेकून इंजिनाचा जोर उतरला की आम्ही वाकून धावायचो, आधी चॉक आणि मग साखळ्या.

या उतरण्याची खरी मेख हवेत असते. उभं उतरताना सगळं वजन इंजिनच पेलतं, पंखांचा उपयोग शून्य. हवा तापली की ती विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. उत्तर अटलांटिकसाठी आखलेलं हे विमान मे महिन्यात अरबी समुद्रावर उतरवणं म्हणजे वजनाचा हिशोब पै-पैने. इंजिनात फवारायला पाण्याची एक टाकी असते, तिने जोर वाढतो, पण ते पाणी दीडेक मिनिटात संपतं. तेवढ्यात उतरायचं. न वापरलेली शस्त्रं आणि उरलेलं इंधन यांतलं किती परत आणता येईल, हा आकडा उड्डाणाआधीच काढलेला असे. जास्तीचं समुद्रात टाकावं लागतं. ब्रिटनच्या नव्या जहाजांवर उभ्या उतरणाऱ्या एफ-३५बी विमानांनाही हीच अडचण आली. म्हणून तिथे थोडा पुढचा वेग ठेवून, पंखांचा आधार घेत, घरंगळत उतरण्याची पद्धत बसवली. २०१८ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’वर ती पहिल्यांदा करून पाहिली.

‘विराट’च्या डेकवर चालताना एक गोष्ट नजरेत भरायची. डाव्या बाजूला डेक पाण्यावर तिरका बाहेर आलेला होता. हॅरियरला त्याची गरज नव्हती. तो भाग एका वेगळ्याच काळातला, वेगळ्या विमानांसाठी केलेला. हे जहाज मुळात ब्रिटिश नौदलाचं ‘एचएमएस हर्मिस’. बॅरो इथल्या व्हिकर्स गोदीत १९४४ साली त्याचा पाया घातला गेला, तोही ‘एलिफंट’ या नावाने. युद्ध संपलं, काम थांबलं. १९५३ मध्ये सांगाडा पाण्यात सोडला आणि जहाज प्रत्यक्ष सेवेत आलं नोव्हेंबर १९५९ मध्ये. पंधरा वर्षं! पण या रखडण्यानेच त्याचं भलं केलं. मधल्या काळात ब्रिटिश नौदलात तीन शोध लागले होते. डेनिस कॅम्बेल यांचा तिरका डेक, कॉलिन मिचेल यांचं विमान वाफेच्या जोरावर पुढे फेकणारं कॅटापुल्ट आणि निकोलस गुडहार्ट यांचा उतरणाऱ्या पायलटला योग्य उतार दाखवणारा आरसा. जेट विमानं जहाजावर चालवण्याची अख्खी पद्धत या तीन शोधांवर उभी आहे, अमेरिकेनेही ती उचलली. ‘हर्मिस’ अर्धवट असल्यामुळे हे तिन्ही तिच्यात बसवता आले.

पुढे तिचा डेक सरकारी निर्णयांप्रमाणे बदलत गेला. फँटमसारखी जड विमानं आली तेव्हा ‘हर्मिस’ अपुरी ठरली. १९६६ मध्ये डेनिस हिली संरक्षणमंत्री असताना नव्या मोठ्या विमानवाहू जहाजाची योजनाच रद्द झाली. मग १९७१ ते ७३ दरम्यान ‘हर्मिस’वरचं कॅटापुल्ट आणि तारा काढून टाकल्या आणि ती कमांडो व हेलिकॉप्टरं नेणारं जहाज झाली. त्यानंतर पाणबुडीविरोधी काम. १९८०-८१ मध्ये पुढे चढ बसवला आणि सी हॅरियर आली. १९८१ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी नौदलाच्या खर्चाला कात्री लावली होती, ‘हर्मिस’ निघायच्या वाटेवर होती. आणि ५ एप्रिल १९८२ रोजी हीच ‘हर्मिस’ ताफ्याची ध्वजनौका होऊन पोर्टस्मथहून फॉकलंडच्या युद्धासाठी निघाली. त्या युद्धात हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडलं नाही. चार वर्षांनी भारताने ती घेतली आणि डेव्हनपोर्टला दुरुस्ती होऊन १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली.

बारकाईने पाहिलं तर या सगळ्या फेरफारांत जहाजाचा सांगाडा, हँगर आणि लिफ्ट यांना फारसा धक्का लागला नाही. बदललं ते वरचं. आणि विमान जहाजाच्या मापात बसवलं गेलं. सी हॅरियरचं रडार असलेलं नाक बिजागरीवर बाजूला दुमडतं, ते लांबी कमी होऊन जहाजाच्या लिफ्टवर मावावं म्हणून. आम्हा हँडलरना त्या बिजागरीचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि तिच्या जोडीच्या जहाजाची गोष्ट घ्या. ही दोन जहाजं विकताना ‘गरजेप्रमाणे बदलता येतील’ असाच त्यांचा गाजावाजा होता. जुलै २००८ मध्ये सुमारे ३.९ अब्ज पौंडांचा करार झाला. त्याच वर्षअखेरीस, त्या वेळचे पैसे वाचावेत म्हणून, काम मुद्दाम मंदावण्यात आलं आणि त्याने एकूण खर्च दीड अब्ज पौंडांच्या आसपास वाढला. गोदी, कामगार, पगार तर चालूच राहतात. ऑक्टोबर २०१० मध्ये नव्या सरकारने ठरवलं की उभं उतरणारं विमान नको, कॅटापुल्ट आणि तारा बसवू. वर्ष-दीड वर्षात एका जहाजाच्या बदलाचा अंदाज ९५ कोटी पौंडांवरून दोन अब्जांवर गेला. मे २०१२ मध्ये सरकार पुन्हा एफ-३५बीवर आलं. या जाण्यायेण्यात सात कोटींहून जास्त पौंड नुसते खर्ची पडले. बदलायची सोय कागदावर होती. पण डेकखालच्या जागा तोवर दुसऱ्या यंत्रांनी आणि केबलींनी भरल्या होत्या, आणि त्या रिकाम्या करण्याची किंमत आधी कुणी नीट काढलेली नव्हती. दोन्ही जहाजं मिळून खर्च सहा अब्ज पौंडांच्या वर गेला. याच दरम्यान, २०१० च्या डिसेंबरात, ब्रिटनने उरलेली हॅरियर निवृत्त केली. ‘क्वीन एलिझाबेथ’वर पहिलं एफ-३५बी उतरलं सप्टेंबर २०१८ मध्ये. विमानवाहू जहाजं जगाला शिकवणाऱ्या नौदलाकडे सुमारे आठ वर्षं जहाजावरून उडणारं स्वतःचं लढाऊ विमान नव्हतं.

आपल्याकडे उलटं झालं. जहाज होतं, विमानं संपत आली. हॅरियरचं उत्पादन कधीच बंद पडलेलं, सुटे भाग मिळेनात. ब्रिटनची वापरलेली सी हॅरियर घेण्याचा विचार २००६ मध्ये झाला आणि बारगळला. जी होती त्यांना इस्रायली रडार आणि क्षेपणास्त्रं देऊन आयुष्य वाढवलं. मे २०१६ मध्ये गोव्याला, ‘आयएनएस हंसा’वर, त्यांना निरोप दिला आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत ‘विराट’ निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. प्रत्यक्षात ती ३८.५४ कोटींना भंगारात गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली.

मला विचाराल तर विमानवाहू जहाज विकत घेताना विमानाच्या माहितीपत्रकाआधी डेकखालची मापं बघावीत. विमान बदलतं, इंजिनं आणि रडारं बदलतात. जहाज चाळीस-पन्नास वर्षं राहतं, आणि त्याची लिफ्ट पहिल्या दिवशी जेवढी केली तेवढीच राहते. आपली नवी ‘विक्रांत’ मिग-२९के विमानं डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली. त्या विमानाचे पंख दुमडतात. एप्रिल २०२५ मध्ये आपण २६ राफेल-एम विमानांचा करार केला, आणि राफेलचे पंख दुमडत नाहीत. यातून वाट निघेल, नौदलात ती नेहमीच काढली जाते. पण ती काढण्याचं काम शेवटी हँगरमध्ये पंखाच्या टोकाशी उभ्या असलेल्या हँडलरच्या अंगावर पडतं. पुढच्या जहाजाचा आराखडा होईल तेव्हा दिल्लीतल्या बैठकीला अशा एका हँडलरलाही टेप घेऊन बसवावं.