जोडीच्या हिशोबात हरवलेली बाई

पनवेलच्या एखाद्या जुन्या चाळीतली दहा बाय दहा फुटांची, नऊ इंच जाडीची एक भिंत घ्या. तिला साधारण हजार विटा लागतात. वीटभट्टीवर नवरा-बायकोची एक जोडी दिवसभरात जवळपास तेवढ्याच विटा थापते. ओली वीट तीन किलोची धरली तर दिवसाला तीन टन चिखल होतो. दिवाळीनंतर पेटलेली भट्टी आगोटीला बंद होते. मधले 180 दिवस कामाचे धरले तर एका हंगामात 180 भिंती आणि 540 टन माती. हे सगळं दोन माणसांच्या हातांतून जातं, आणि मालकाच्या वहीत नाव असतं एकाचं.

रायगड, ठाणे, पालघरच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून आगाऊ उचल घ्यावी लागते, आणि ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. मजुरी हजारी दराने, तीही जोडीची. दर आठवड्याला मिळणारी खावटी त्यातूनच वजा होते. बाई पहाटेच्या अंधारात उठते, गारा मळते, पाट्यांनी वाहून आणते. उकिडवी बसून गोळा साच्यात आपटते, वरचा चिखल हाताने निपटते, साचा उलटा करते, अर्धं पाऊल मागे सरकते आणि पुढचा गोळा उचलते. मध्येच उठून तान्ह्याला पाजते, भाकऱ्या टाकते. आगोटीला हिशोब होतो तेव्हा उचल नवऱ्याच्या नावावर, मजुरीही नवऱ्याच्या नावावर, आणि उरलेलं देणं मात्र दोघांच्या मानेवर.

अशी न मोजलेली माणसं जगात किती? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली कुठल्याही एका दिवशी 2 कोटी 76 लाख लोक सक्तीची मजुरी करत होते. पनवेल महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 5 लाख 10 हजार. म्हणजे अशी 54 पनवेल! त्यात 1 कोटी 18 लाख बाया आणि मुली, म्हणजे नुसत्या बायकांचीच 23 पनवेल. साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेतून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलेले गुलाम होते सुमारे सव्वा कोटी. तो छळ आणि ही सक्ती एका तराजूत घालता येणार नाही, पण नुसत्या संख्येने आजचा एक दिवस त्या साडेतीनशे वर्षांच्या दुपटीहून मोठा आहे.

आपल्याकडचं गणित तर डोकं गरगरवणारं आहे. उचलीपायी असं बांधून राबवणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती बंद करणारा कायदा 1976 चा. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे 2 लाख 82 हजार वेठबिगारांचं पुनर्वसन झालं. वर्षाला साधारण सात हजार. 2016 साली केंद्र सरकारने 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगार सोडवायचं लक्ष्य ठेवलं. जुन्याच चालीने गेलो तर त्याला 2,600 वर्षं लागतील.

म्हणून मला या लढ्यातल्या बायकांचे लहान आकडे फार मोठे वाटतात. अमेरिकेत स्वतः गुलामीतून पळालेली हॅरिएट टबमन सुमारे तेरा वेळा जिवावर उदार होऊन परत गेली आणि तिने सत्तरच्या आसपास माणसं सोडवून आणली. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या रुपयांपायी वारली नवरा-बायको जन्मभर सावकाराचे लग्नगडी होत. कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिल्या. 23 मे 1945 रोजी झरी गावच्या परिषदेला सुमारे पाच हजार आदिवासी जमले, आणि त्यानंतर वारल्यांनी स्वतःच गावोगाव फिरून लग्नगड्यांना मोकळं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तरी वारली मागे हटले नाहीत. पुढे वसईत विद्युल्लता पंडित आणि विवेक पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी करून वेठबिगार सोडवले. रायगडात सुरेखा दळवी, उल्का महाजन आदिवासींच्या हक्कांसाठी लढत राहिल्या. या बायांनी माणसं एकेक करून मोजली.

कायदाही तसंच मोजतो, हे भट्टीवर फार थोड्यांना ठाऊक असतं. वेठीचं कर्ज कायद्याने रद्द झालेलं आहे. कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, राबणाऱ्यावर नाही. वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड आहे. 1976 मधले हे दोन हजार आजही तेवढेच आहेत, याचा संताप येतो. 2016 च्या योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख आणि बाईला दोन लाख रुपये मदत ठरली, पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली होती.

तरीही वेठीतून मुक्तीचा दाखला जोडीला मिळत नाही, माणसाला मिळतो. भट्टीवरची बाई पनवेलच्या प्रांत कार्यालयात गेली, तर तिचा अर्ज तिच्या नावाने घ्यावा लागतो, जबाब तिचा वेगळा लिहावा लागतो आणि दाखल्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी तिला कोंबून चालत नाही.