श्वेतप्रदर : न सांगितलेले दुखणे आणि त्यावरील उपचार

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन असो वा विदर्भातील दुसरे कोणतेही खेडे, कापूस वेचणीला जाणारी स्त्री कंबर दुखते असे सांगेल. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे सहसा सांगणार नाही. या मौनाचे मोजमाप विदर्भातच झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते व त्यांतील निम्मा भाग जननमार्गाच्या संसर्गाचा होता. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

अशा संसर्गांपैकी एक म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू आम्ल निर्माण करून इतर जंतूंना आवर घालतात. ते घटले की प्राणवायूविना वाढणारे जंतू माजतात. पातळ, करडसर पांढरा स्राव व माशासारखा वास सुरू होतो. खाज व नासलेल्या दुधासारखा गाठाळ स्राव असल्यास बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. पाळीच्या मध्यावर जाणारे स्वच्छ पाणी हा तर रोगच नव्हे. साबणाने वा औषधी पाण्याने आतून धुण्याने मात्र उपकारक जंतूच नाहीसे होतात.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस घ्यावयाची असते. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवणे हीच खरी अडचण होय. शासकीय आरोग्य केंद्रांत लक्षणांवरून निदान करून हिरव्या रंगाचे ‘किट क्रमांक दोन’ विनामूल्य देण्याची पद्धत आहे. त्यात सेक्निडॅझोल व बुरशीवरील फ्लुकोनॅझोल असते. गर्भवतीने ते परस्पर घेऊ नये; या संसर्गाचा अकाली प्रसूतीशी संबंध असल्याने तिने डॉक्टरांकडून स्वतंत्र उपचार घेणे अगत्याचे आहे.

उपचारानंतरही हा विकार पुष्कळदा उलटतो. ऑस्ट्रेलियातील २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ स्त्रीवर उपचार झाले तेथे बारा आठवड्यांत ६३ टक्के स्त्रियांना तो पुन्हा झाला. पतीवर वा जोडीदारावरही उपचार झाले तेथे हे प्रमाण ३५ टक्के होते. तेव्हा दुखणे वारंवार उलटत असेल, तर दवाखान्यात पतीनेही सोबत जाणे श्रेयस्कर.