डॉरन्स, अ‍ॅन्सन

(९ एप्रिल १९५१ –      ). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विख्यात फुटबॉल (सॉकर) प्रशिक्षक व तेथील महाविद्यालयीन महिला फुटबॉलचा एक प्रमुख शिल्पकार. पूर्ण नाव अ‍ॅल्बर्ट अ‍ॅन्सन डॉरन्स. जन्म मुंबई येथे. वडील तेल-उद्योगात अधिकारी असल्याने त्याचे बालपण आशिया, आफ्रिका व यूरोप या खंडांतील निरनिराळ्या देशांत गेले. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून त्याने इंग्रजी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवी संपादन केली (१९७४). विद्यापीठाच्या संघातून तो खेळलाही. पुढे कायद्याचे शिक्षण घेत असतानाच १९७७ मध्ये विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले व ते त्याने १९८८ पर्यंत सांभाळले.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. त्याच्या परिणामी विद्यापीठांना महिलांसाठी नवे क्रीडासंघ उभारणे भाग पडले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९७९ मध्ये महिलांचा फुटबॉल संघ सुरू करून तो डॉरन्सकडे सोपविला. या संघाने १९८१ मध्ये पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९८२ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने महिलांची फुटबॉल स्पर्धा सुरू केली. पहिल्या २० वर्षांत या स्पर्धेचे अजिंक्यपद डॉरन्सच्या संघाने १६ वेळा पटकाविले. त्यांपैकी १९८६ ते १९९४ अशी नऊ वर्षे ते सलग त्याच्याकडेच होते. लागोपाठ ९२ सामने जिंकण्याचा विक्रमही याच संघाच्या नावावर आहे. २०१२ पर्यंत या स्पर्धेतील अजिंक्यपदांची संख्या २१ झाली.

या यशाचे मूळ डॉरन्सच्या सरावपद्धतीत आहे. त्याच विद्यापीठातील बास्केटबॉलचा प्रसिद्ध प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक कृतीची नोंद ठेवीत असे. त्यापासून प्रेरणा घेऊन डॉरन्सने आपली पद्धती बसविली. धावणे, गोलावर चेंडू मारणे, एकास एक झुंज इ. प्रत्येक प्रकारातील जय-पराजय लिहून घेतला जाई व त्यांवरून ठरलेले क्रम सर्वांना पाहता येतील असे लावले जात. या सरावास तो ‘स्पर्धेची कढई’ म्हणत असे. मैत्रिणीशी चुरशीने खेळण्याचा संकोच मुलींना वाटतो, असे त्याचे निरीक्षण होते. नोंदी उघड्या ठेवल्याने स्पर्धा हा सरावाचा नित्य नियम बनला व संकोचास जागा उरली नाही. त्याचबरोबर महिला खेळाडूंचे नेतृत्व धाकाने नव्हे, तर व्यक्तिगत संवादाने करावे लागते, असे त्याचे मत होते.

१९८६ ते १९९४ या काळात तो अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचाही प्रशिक्षक होता. चीनमध्ये १९९१ मध्ये भरलेली महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या संघाने जिंकली. सहाही सामन्यांत विजय मिळवून त्याने २५ गोल केले व केवळ ५ स्वीकारले. ग्वांगजौ येथील अंतिम सामन्यात नॉर्वेचा २–१ असा पराभव झाला. अमेरिकेचे दोन्ही गोल मिशेल एकर्सने केले. या संघातील निम्म्या खेळाडू नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात घडलेल्या होत्या. संघनायिका एप्रिल हाइन्रिक्स, तसेच मिया हॅम, क्रिस्टीन लिली व कार्ला वर्डेन (ओव्हरबेक) या त्यांतील प्रमुख होत. एका विद्यापीठाचा संघ अशा रीतीने राष्ट्रीय संघाची जणू पाठशाळाच ठरला.

प्रशिक्षक व खेळाडू यांच्यातील ज्या जवळिकीवर ही पद्धती आधारलेली होती, तिची मर्यादा कोणती, हा प्रश्नही याच कारकीर्दीत ऐरणीवर आला. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी लैंगिक छळाच्या आरोपावरून संघीय न्यायालयात दावा दाखल केला. खेळाडूंच्या लैंगिक जीवनाविषयी प्रशिक्षकाने केलेली चौकशी व शेरेबाजी हा त्यातील मुख्य मुद्दा होता. डॉरन्सने छळाचा आरोप नाकारला. कनिष्ठ न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्याची सुनावणी व्हावी, असा निर्णय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००७ मध्ये दिला. एका खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली होती. दुसरीशी २००८ मध्ये ३,८५,००० डॉलरांवर झाली. अशा संभाषणांतील आपला सहभाग अनुचित होता, अशी लेखी क्षमायाचना डॉरन्सने त्या वेळी केली. खेळाडूची निवड, शिष्यवृत्ती व भवितव्य ज्याच्या हाती असते, त्याची थट्टाही तिच्या दृष्टीने थट्टा राहत नाही, हे या प्रकरणाने क्रीडाक्षेत्रापुढे ठळकपणे आणले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल कीर्तिमंदिरात २००८ मध्ये डॉरन्सचा समावेश झाला. विद्यापीठाच्या २०१९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या फुटबॉल मैदानास त्याचे नाव देण्यात आले. ट्रेनिंग सॉकर चॅम्पियन्स  (१९९६) हा त्याचा ग्रंथ प्रशिक्षकांत लोकप्रिय आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अवघे १२ संघ होते. २००१ पासून ६४ संघ उतरू लागले. परिणामी स्पर्धा तीव्र झाली आणि २०१२ नंतर डॉरन्सला अजिंक्यपद मिळाले नाही. २०१८, २०१९ व २०२२ या वर्षी त्याचा संघ अंतिम सामन्यात हरला. त्याचे अनेक प्रतिस्पर्धी त्याच्याच पद्धतीने सराव घेत होते. महिला संघास ९०० हून अधिक विजय मिळवून देऊन तो ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याचा साहाय्यक डेमन नहास याच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलायनाने पुन्हा अजिंक्यपद मिळविले.