पट घटलेली शाळा आणि पालकांचा कौल

कायदा : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे.

अंतर : महाराष्ट्र राज्याच्या २०११ च्या नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक, तर उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटरची मर्यादा घातली.

प्रस्ताव : सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत हे नमुने मानले गेले.

सल्लामसलत : धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा परिसरात कापूसवेचणीच्या दिवसांत मजूर आईबाप दिवसभर शेतात असतात, म्हणून समूहशाळेबाबतची पालकसभा सायंकाळी भरवावी, हजेरीपट, वाहनाची तजवीज आणि रिकाम्या इमारतीचा भावी विनियोग यांचा तपशील तत्पूर्वी जाहीर करावा, आणि पालकांचे म्हणणे इतिवृत्तात नमूद झाल्यावाचून शाळेला कुलूप लावण्याचा हुकूम निघू नये.