इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचे आहे? मग कॉलेज पारखून घ्या!

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "आता पुढे काय?" पूर्वी उत्तरे ठरलेली असत. डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर, नाहीतर बँकेत कारकून. आता मुलेमुली नवी नावे घेऊ लागली आहेत. त्यांतलेच एक नाव म्हणजे इन्व्हेस्टमेंट बँकिंग. हे नाव ऐकले की रेल्वेत, कोळसा खाणीत किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी करणारा बाप गोंधळतो. बँकेतच लागायचे तर एवढे महागडे कॉलेज कशाला, असे त्याला वाटते. या गोंधळाचा फायदा मोठमोठ्या जाहिराती करणारी खासगी कॉलेजे घेतात. मग कुठे प्रॉव्हिडंट फंड मोडला जातो, कुठे आईचे डोरले गहाण पडते. तसे होऊ नये म्हणून हा विषय आई-वडिलांनीही नीट समजून घ्यायला हवा.

हे काम आहे तरी काय?

आपण पासबुक घेऊन जातो ती बँक वेगळी. इन्व्हेस्टमेंट बँक सामान्य माणसाच्या ठेवी घेत नाही. कंपन्यांना आणि सरकारला भांडवल उभे करून देणे, शेअरचा भाव ठरवण्यास मदत करणे, एक कंपनी दुसरीला विकत घेत असेल तर तिची किंमत काढून देणे, हे तिचे काम. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत यांना मर्चंट बँकर म्हणतात. सेबीकडे त्यांची नोंदणी असावी लागते.

घरातलेच उदाहरण घ्या. एलआयसीची पॉलिसी बहुतेकांकडे असते. मे २०२२ मध्ये सरकारने एलआयसीमधला आपला साडेतीन टक्के हिस्सा शेअर बाजारात विकला आणि सुमारे साडेवीस हजार कोटी रुपये उभे केले. या कामासाठी दहा मर्चंट बँकर नेमले होते. शेअरचा भाव ९४९ रुपये ठरला, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट मिळाली. पण बाजारात पहिल्याच दिवशी भाव त्याखाली गेला. किंमत ठरवणे किती अवघड, हे यावरून कळते. या कामाला हिशेब लागतो, कायदा लागतो, आणि रात्र रात्र जागून काम करण्याची तयारीही लागते.

नागपूरला तर ही गोष्ट जुनीच आहे. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूरच्या किती पिढ्यांनी त्या मिलमध्ये घाम गाळला! पण भांडवल कोठून येते, नफा कसा वाटला जातो, हे ठरवणाऱ्या टेबलाजवळ आपला माणूस कधी नव्हता. त्या टेबलापर्यंत जाणारी वाट शिक्षणातून जाते.

बाबासाहेबांचा अनुभव

ही वाट आपल्याला परकी नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. सार्वजनिक वित्ताचे नामांकित अभ्यासक प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली ते शिकले. १९१७ मध्ये परत आल्यावर बडोद्यात त्यांचा जो छळ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची एक गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. मुंबईत त्यांनी शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद झाली. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये लंडनहून डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधावर.

त्याच सिडनहॅम कॉलेजातून पुढे उदय कोटक बी.कॉम. झाले. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेतून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८५ मध्ये आपल्या वित्त व्यवसायाची सुरुवात केली. ही दोन्ही ठिकाणे म्हणजे काही भरमसाट फी उकळणारे महाल नव्हेत.

आरक्षण कॉलेजच्या दारापर्यंत

आई-वडिलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. खासगी इन्व्हेस्टमेंट बँकांत आरक्षण नाही. या कंपन्या मोजक्या कॉलेजांत जाऊन तेथूनच माणसे निवडतात. म्हणजे घटनेने दिलेला आपला हक्क कॉलेजच्या दारापर्यंतच कामी येतो. तो योग्य दारात वापरला तर पुढचा रस्ता खुला होतो. ज्या खासगी संस्थेत आरक्षण नाही, फीची सवलत नाही आणि कंपन्याही येत नाहीत, तेथे कर्ज काढून जाण्यात शहाणपण नाही.

वाट दोन टप्प्यांची

पहिला टप्पा पदवीचा. तो नागपुरात राहून पार करता येतो. १९४५ पासूनचे जी. एस. कॉमर्स कॉलेज आहे. दीक्षाभूमीवर १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. अनुदानित तुकडीत बी.कॉम.ची फी वर्षाला काही हजारांतच बसते. अकरावीला मात्र मुलाने किंवा मुलीने कॉमर्ससोबत गणित सोडू नये. पुढे दिल्लीला अर्थशास्त्र (ऑनर्स) घ्यायचे झाले तर गणित लागतेच. दिल्ली विद्यापीठाच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्ससारख्या कॉलेजात जायची तयारी असेल तर सीयूईटी परीक्षा द्यावी. २०२२ पासून तेथील प्रवेश याच परीक्षेवर होतात, अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत आणि फी खासगी कॉलेजांच्या मानाने फारच कमी आहे.

सायन्सच्या मुलांनाही ही वाट बंद नाही. आयआयटी आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीतून इंजिनिअर झालेली कित्येक मुले पुढे वित्त क्षेत्रात जातात. या संस्थांत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी फी माफ आहे.

दुसरा टप्पा खरा निर्णायक. त्यात दोन दारे आहेत. पहिले दार आयआयएमचे. कोणत्याही विद्यापीठाची पदवी चालते, पण कॅट परीक्षा द्यावी लागते. पदवीला आपल्या विद्यार्थ्यांना किमान ४५ टक्के गुण पुरतात. मात्र प्रवेश देताना दहावी-बारावीचे गुणही पाहिले जातात, म्हणून ती वर्षे वाया घालवू नयेत. इन्व्हेस्टमेंट बँका मुख्यत्वे अहमदाबाद, कलकत्ता आणि बंगळूर या जुन्या आयआयएमकडे वळतात, हे सत्य सांगायलाच हवे. नागपूरचे आयआयएम २०१५ मध्ये सुरू झाले आणि आता मिहानमध्ये त्याचा स्वतःचा परिसर आहे. ते घराजवळ आहे म्हणून पहिली पसंती देऊ नये आणि घराजवळ आहे म्हणून हलकेही लेखू नये. मुंबईची जमनालाल बजाज संस्था राज्याच्या सीईटीतून मिळते, तीही यादीत वर ठेवावी.

दुसरे दार सी.ए.चे. येथे आरक्षण नाही, पण लाखोंची फीही नाही. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येते. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे आणि त्या काळात थोडेफार विद्यावेतनही मिळते. परीक्षा कडक आहे, नापास होणारे पुष्कळ असतात. पण जिद्दीच्या गरीब मुलासाठी यापेक्षा स्वस्त दार दुसरे नाही.

पैसा आणि कागदपत्रे

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते. आकडा ऐकून घाबरू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीतून अशा संस्थांची पूर्ण शिकवणी फी मिळू शकते. प्रत्येक संस्थेत तिच्या जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेश मिळताच अर्ज करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदार न घेता कर्ज मिळते. पदवीच्या काळात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा. घर सोडून शिकणाऱ्यांनी स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

आपली मुले बहुधा अडतात ती कागदावर. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो आणि त्यात अनुसूचित जातींच्या यादीतील जातीचे नाव असावे लागते. नुसते 'बौद्ध' लिहिलेला दाखला दिल्लीत किंवा आयआयएममध्ये अडतो. हा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अकरावीतच तयार करून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात जागा हातची जाते.

कॉलेजला विचारा

फी भरण्याआधी खालील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत.

१. गेल्या तीन वर्षांत कोणत्या कंपन्यांनी किती मुले घेतली? कोणत्या कामावर घेतली? कारण बँकेचे नाव मोठे असले तरी काम नुसते नोंदी करण्याचे असू शकते.

२. सर्वांत मोठा पगार सांगू नका. सगळ्या मुलांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधला पगार किती येतो?

३. अनुसूचित जातींच्या जागा किती? फी आधी भरावी लागते की शिष्यवृत्ती आल्यावर?

४. वसतिगृह, मेस आणि परीक्षा मिळून शेवटच्या वर्षापर्यंत एकूण खर्च किती?

५. सुट्टीत कंपनीत उमेदवारी कॉलेज मिळवून देते की मुलाने स्वतः शोधायची?

ज्या कॉलेजला या प्रश्नांचा राग येतो, तेथून पाय मागे घ्यावा.

मुलींच्या बाबतीत एक विशेष सांगणे. हिशेबात हुशार असलेली मुलगी 'लांब कशाला पाठवायची' म्हणून जवळच्या कॉलेजात अडकून पडते, आणि भाऊ कर्ज काढून बाहेर जातो. गुण पाहून निर्णय घ्या. पहिला टप्पा घराजवळ झाला तरी हरकत नाही, पण दुसऱ्या टप्प्याला तिलाही मुंबईची, कलकत्त्याची गाडी धरू द्या.

शंभर वर्षांपूर्वी ज्ञान असूनही गिऱ्हाईकांनी बाबासाहेबांच्या पेढीकडे पाठ फिरवली. आज दार उघडे आहे, मात्र ते नेमके कोठे आहे हे ओळखावे लागते. म्हणून पहिल्या टप्प्याला खर्च आटोपता ठेवा, वाचलेला पैसा आणि सगळा जोर दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवा. आज अकरावीत असलेल्या मुलामुलीला विचारा, "गणित घेतलेस ना? दाखला काढला ना?" सुरुवात तेथूनच करायची आहे.