बर्फाच्या पोटातला कच्चा थर
हिमस्खलनाचे मूळ पुष्कळदा ताज्या बर्फात नसते. ते त्याखाली आठवडेच्या आठवडे दडून राहिलेल्या कच्च्या थरात असते. हा थर मोडला की त्यावरचा घट्ट बर्फ अख्ख्या लादीसारखा सुटतो. डोंगरात स्की करणाऱ्यांचे सर्वाधिक बळी अशा लादीनेच घेतले आहेत.

काश्मीरच्या पीर पंजाल रांगेतील गुलमर्ग हे याचे ठळक उदाहरण. तिथला गंडोला रोपवे अफरवटच्या उतारावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो. तिथून देखरेखीखालचा पट्टा सोडून मोकळ्या डोंगरात शिरायला फारसा वेळ लागत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच उतारांवर झालेल्या स्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, तर निरभ्र रात्री पृष्ठभाग कडाक्याचा थंड. दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून अधिक फरक पडला, की बाष्प खालून वर सरकते आणि कणांमधले बंध तुटून टोकदार, सुटे स्फटिक तयार होतात. हा बर्फ मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, जाड साखरेसारखा बोटांतून निसटतो. पुढे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे, येतात आणि याच ठिसूळ पायावर नव्या बर्फाचा भार चढतो. वारा तर वाऱ्याआडच्या उतारावर हिमवर्षावाच्या कैक पट वेगाने बर्फ रचतो. म्हणूनच वादळानंतरचा स्वच्छ, उन्हाचा दिवस फसवा असतो.

लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. दुर्दैवाने स्कीसाठी सर्वांत आवडते उतारही हेच. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्के प्रसंगांत लादी सुटते ती अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच.

जाणकार उतारावर पाऊल टाकण्याआधी खड्डा खणतात. त्याच्या भिंतीत ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा स्तंभ मोकळा करून वर फावडे आडवे ठेवतात. मग त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा देतात. पहिल्या काही थापांतच स्तंभ सपाट घसरून पुढे आला, तर तो उतार सोडलेलाच बरा. मात्र एका खड्ड्यावरून सगळ्या डोंगराची हमी मिळत नाही. पायाखालून आलेला ‘धप्प’ असा दबका आवाज आणि स्कीपासून पळत जाणारी भेग या खुणा चाचणीपेक्षाही बोलक्या.

गाडले गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर बहुतेकदा जीव वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. एवढ्या वेळात बाहेरचे पथक सहसा पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्येकाकडे गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवेच. उतार एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरची नजर हटू देऊ नये.