वासुदेव गायतोंडे यांची शाईतील रेखाटने

वासुदेव गायतोंडे यांची शाईतील रेखाटने ही भारतीय चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांनी कागदावर केलेली लहान आकाराची चित्रे आहेत. त्यांतील महत्त्वाची रेखाटने इ.स. १९८० च्या दशकाच्या मध्यातील असून, अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे कठीण झाले त्या काळात ती घडली. तैलरंगचित्रांच्या तुलनेत ती कमी परिचित आहेत.

== पार्श्वभूमी ==

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली आणि पुढे ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. आरंभीच्या त्यांच्या चित्रांवर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्या रेषेचा प्रभाव दिसतो. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीत स्थायिक झाले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे.

१९८४ साली झालेल्या अपघातातील दुखापतीमुळे त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. काही वर्षे त्यांचे कॅनव्हासवरील काम जवळजवळ थांबले. या काळात त्यांनी शाई आणि कागद ही साधने निवडली.

== तंत्रातील फरक ==

गायतोंडे यांची तैलरंगातील पद्धत संथ आणि शारीरिक श्रमाची होती. रूळ आणि रंगपट्टीच्या सुरीने रंगाचे पातळ थर चढवायचे, काही थर खरवडून काढायचे आणि खालचा रंग वर झिरपू द्यायचा, असा हा क्रम असे. वर्षभरात त्यांचे मोजकेच कॅनव्हास पूर्ण होत. या पद्धतीत केलेले झाकता येते, झाकलेले पुन्हा उघड करता येते.

शाईत ही सोय नाही. काळी शाई काजळीच्या सूक्ष्म कणांपासून बनते. ती कागदाच्या तंतूंत शिरली की पुसता वा खरवडता येत नाही. त्यामुळे निर्णय हात कागदाला लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तैलचित्रात अनेक दिवसांत विखुरलेला विचार येथे एका खुणेपूर्वीच्या थांबण्यात एकवटतो. अशा तंत्राला मोठी जागा किंवा उभे राहून करायचे दीर्घ श्रम लागत नाहीत. मनाची स्थिरता मात्र लागते. झेन विचाराविषयी गायतोंडे यांना असलेली आस्था या संदर्भात लक्षात घेतली जाते.

== स्वरूप ==

या रेखाटनांत ओळखू येणारी वस्तू नसते. लहान-मोठ्या काळ्या खुणा कागदावर मांडलेल्या असतात. त्या अक्षरांसारख्या दिसतात. पण कोणत्याही ज्ञात लिपीत वाचता येत नाहीत. खुणांइतकेच महत्त्व कोऱ्या राहिलेल्या कागदाला आहे. तैलचित्रात रंगाच्या थरांमधून येणारा प्रकाश येथे कागदाच्या पांढरेपणातून येतो. बहुतेक रेखाटनांना शीर्षक दिलेले नाही, हे त्यांच्या इतर चित्रांप्रमाणेच आहे.

== समकालीन आफ्रिकी उदाहरण ==

याच सुमारास सुदानचे चित्रकार इब्राहिम अल-सलाही (जन्म १९३०) यांनी ‘अटळ’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले शाईचित्र (१९८४–८५) पूर्ण केले. ते नऊ फलकांचे आहे. अल-सलाही १९७५ साली सुमारे सहा महिने खार्टूममधील तुरुंगात होते. तेथे ते कागदाच्या लहान तुकड्यांवर लपून रेखाटत आणि ते तुकडे वाळूत पुरून ठेवत. सुटकेनंतरही लहान केंद्रापासून सुरुवात करून फलक जोडत चित्र वाढवण्याची पद्धत त्यांनी वापरली.

दोघांच्या परिस्थितीत साम्य मर्यादित आहे. एकावर राजसत्तेचे बंधन होते, दुसऱ्यावर शरीराचे. अल-सलाही यांच्या चित्रात दाटीने उभ्या मानवाकृती आहेत, गायतोंडे यांच्या कागदावर मनुष्याकृती नाही. मात्र दोघांच्याही बाबतीत सहज हाती येणारे साधन पर्याय म्हणून आले आणि त्यातून स्वतंत्र चित्रभाषा घडली.

== महत्त्व ==

गायतोंडे नंतर पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि १९९० च्या दशकात त्यांनी तैलरंगात काम केले. त्यामुळे शाईतील रेखाटने हा केवळ सक्तीच्या विश्रांतीचा काळ मानला जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात रंग, थर आणि भव्य आकार वगळल्यावरही त्यांच्या चित्रातील अवकाश आणि शांतता टिकते, हे या कागदांवरून दिसते. चित्राचा गाभा साधनात नव्हता, याचा तो पुरावा ठरतो.

गायतोंडे यांचे १० ऑगस्ट २००१ रोजी निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४–१५ मध्ये भरलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनात कॅनव्हासांसोबत त्यांची कागदावरील चित्रेही मांडण्यात आली होती.